राखणीचा बाक

दुकानात बाक असतो तो गिऱ्हाइकाच्या पाहुणचारासाठी. आमच्या पुंडलिकनगरातल्या नूरमोहम्मद पिंजाऱ्याच्या दुकानातला बाक मात्र संशयासाठी होता. त्यावर बसणाऱ्याला चहा मिळे, पाणी मिळे, उकाड्यात हलवायला पुठ्ठा मिळे. पण बसणारा बसायचा तो नूरभाईंच्या हातांकडं डोळे लावून. नजर हटली की कापूस हटलाच, अशी आमच्याकडं पक्की समजूत होती.

फोमवर जन्मलेल्या पिढीसाठी थोडं सांगायला हवं. कापसाची गादी चार-पाच वर्षं अंगाखाली राहिली की तिचे गोळे होतात आणि मधोमध खड्डा पडतो. नवरा-बायको भांडून दोन टोकांना झोपले, तरी पहाटेपर्यंत त्या खड्ड्यात एकमेकांना सापडतात. आमच्या गल्लीतले निदान दोन संसार त्या खड्ड्यावर टिकले, असं नूरभाई नावानिशी सांगत. नावं मी गाळतो, दोन्ही जोडपी अजून शेजारीच राहतात. तर अशी गादी उसवायची, आतला कापूस मशीनच्या तोंडात घालायचा, तो पलीकडून फुगून ढगासारखा बाहेर पडतो, आणि तोच कापूस पुन्हा खोळीत भरून, दोरे टाचून गादी घरी न्यायची.

'तोच कापूस' ह्या दोन शब्दांत सगळं महाभारत आहे. पिंजल्यावर कलेक्टरच्या गादीतला कापूस आणि चपराशाच्या गादीतला कापूस सारखाच दिसतो. मग आपला चांगला कापूस काढून घेऊन पिंजाऱ्यानं आत दुसराच कोंबला नाही कशावरून? म्हणून रीत अशी, की गादीबरोबर घरातलं एक माणूस जायचं आणि शेवटचा टाका पडेपर्यंत समोर बसायचं. ह्याला राखण म्हणायचं. ह्या कामगिरीवर बहुधा घरातलं सगळ्यात बिनकामाचं माणूस पाठवत. निवृत्त सासरे, परीक्षेत बसलेले आणि बसूनच राहिलेले मेहुणे, सुट्टीला आलेले जावई. नाकाला रुमाल बांधून, भुवयांवर कापूस साचवून ही मंडळी अर्धा अर्धा दिवस त्या बाकावर पहारा देत. उठताना सगळे एकदम म्हातारे दिसत.

नूरभाईंना हे आवडत नसे. पण न आवडणाऱ्या गोष्टीचा विनोद करायची त्यांना सवय होती.

"सर," ते मला म्हणायचे, "लग्नाला तीस वर्षं झाली, मुनिरानं माझ्याकडं एवढं टक लावून कधी बघितलं नाय. माझं नशीब बघा. रोज नवं माणूस, आन् रोज माझ्याच हाताकडं बघतंय."

"मग रीत मोडून टाका ना."

"मोडली तर म्हणतील, बघा, कायतरी काळंबेरं हाय."

हसायचे. पण एखादा राखणदार जाताना मूठभर कापूस नाकाशी नेऊन वास घ्यायचा, तेव्हा नूरभाई मान फिरवून मशीनचा पट्टा उगाच चाचपत उभे राहायचे.

त्या बाकावरची सगळ्यात कडक राखणदारीण म्हणजे वच्छलाबाई. आमच्या समोरच्याच घरात राहतात. धनगराचं घराणं, लहानपण मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळं राखण कशी करायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. डोळा मिटला की लांडगा येतो, हा त्यांचा पहिला धडा. लग्नानंतर नवऱ्याबरोबर शहरात आल्या, नवरा गेला, मुलगा बिभीषण वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर झाला, सून अक्षदा बँकेत लागली. घरात फ्रिज आला, सोफा आला, पण वच्छलाबाईंची गादी तीच राहिली.

ती गादी त्यांना लग्नात मिळालेली. पैठणकडं त्यांच्या बापाचं थोडं रान होतं, ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. जायच्या आधी जो कापूस निघाला, तो बापानं विकला नाही, लेकीच्या गादीत घातला. आईनं उशाकडच्या बाजूला काळ्या मेंढीच्या लोकरीचा एक झुबका ठेवला, लेकीला कुणाची नजर लागू नये म्हणून. रान पाण्यात, आई-बाप मातीत. माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या खोळीत होतं.

दर चार-पाच वर्षांनी वच्छलाबाई ती गादी घेऊन नूरभाईंकडं यायच्या. गादी हातगाडीवर आणि बाई गाडीच्या मागं चालत. आल्या की बाकाच्या डाव्या टोकाला बसायच्या, कमरेची चंची काढून शेजारी ठेवायच्या आणि हुकूम सोडायच्या, "हं, उसव."

नूरभाई उशाकडून टाका उसवायचे. पहिल्यांदा तो काळा झुबका अलगद काढून त्यांच्या हातावर ठेवायचे. पिंजण चाललेलं असेपर्यंत वच्छलाबाई तो मुठीत धरून बसायच्या. गादी भरत आली की हात पुढं करायच्या.

"ठेव."

नूरभाई उशाशी ठेवायचे, वर टाका घालायचे आणि म्हणायचे, "ठेवली, आक्का."

एवढाच सोहळा. पण मी तो दोनदा बघितला आहे, आणि दोन्ही वेळेला दुकानात कुणी मधे बोललं नाही.

एरवी मात्र दोघांचं तोंड बंद नसायचं.

"आक्का," नूरभाई म्हणायचे, "दर खेपेला मी ह्यात नवा कापूस घालतो. जुना झडून जातोय. तुमच्या बापाचा आता चमचाभर ऱ्हायला आसंल. कशाला एवढी राखण?"

"इरजण किती लागतं रे? चमचाभरच ना? दूध कुणाचं बी घाल, दही घरचंच ऱ्हातंय."

"मग मी चमचा चोरीन का?"

"तू पिंजारी हायस. तुझा काय नेम."

"आन् पिंजाऱ्याच्या हातचा चहा कसा चालतो?"

"चहात कापूस घालशील तर बघते ना मी. आण."

सदफ ही नूरभाईंची धाकटी लेक. बी.कॉम. झाली, मग दुकानं मोबाइलवर कशी चालवायची ह्याचा काहीतरी कोर्स केला. गुणी मुलगी, बापाच्या भुवयांवरचा कापूस रोज बघत मोठी झालेली. तिनं एक दिवस दुकानात खुर्ची टाकली आणि बापाला समोर बसवलं.

"अब्बा, लोगां फोम कायकू लेते, मालूम? फोम अच्छा रहता बोलके नहीं. आपके पास आनाच मुश्किल है. गादी उठाव, रिक्षा ढूंढो, आधा दिन बैठो, धूल खाव. आज के जमाने में किसके पास टाइम है?"

"टाइम नहीं तो नींद कायकू चाहिए उनको?" नूरभाई म्हणाले.

पण मुलीचं खरं होतं. दिवाळीच्या तोंडावर पूर्वी दारात गाद्यांची रांग लागायची, ती आता दोन-तीनवर आली होती. सदफनं सगळं मनावर घेतलं. व्हॉट्सॲपचा नंबर काढला. खोळींच्या कापडाचे फोटो टाकले, घरबसल्या पसंत करा. तिचा भाऊ याह्या आपल्या मालरिक्षातून गादी घरून उचलणार, घरी पोचवणार. गादी दुकानात असताना रात्री झोपायचं कशावर? तर तोवर वापरायला एक बदली गादी, फुकट. आणि राखण? राखणीची गरजच नाही. काम सुरू झालं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर संदेश जायचा : 'आपली गादी पिंजण-प्रक्रियेत आहे.' आमच्या शेजारच्या निवृत्त तहसीलदारांना हा संदेश आला, तेव्हा त्यांनी उत्तर पाठवलं, 'योग्य ती कार्यवाही व्हावी.'

लोक खूश झाले. इतके खूश, की चार वर्षांत ज्यांना आपल्या गादीतला खड्डा दिसला नव्हता त्यांनाही दिसायला लागला. मागण्या वाढल्या, कामगिरीवरचे मेहुणे मोकळे झाले. सगळ्यात जास्त खूश झाले नूरभाई. पहिल्या आठवड्यात ते मला रस्त्यात अडवून म्हणाले, "सर, आज सकाळपासून माझ्याकडं कुणी बघितलं नाय. कुणीच नाय! माणसासारखं वाटतंय." बाकाची जागा गाद्या बांधायला हवी होती म्हणून याह्यानं बाक उचलून बाहेर बोर्डाखाली टाकला. नूरभाईंनी स्वतः एक बाजू धरली.

एक गोष्ट तेवढी कुणाच्या लक्षात आली नाही. राखण होती तेव्हा एका वेळी एकच गादी उसवली जायची. दुसरी उसवायला दुसरा राखणदार बाकावर असायला हवा होता. आता उलटं झालं. घाई वाढली, तसं सकाळीच चार-चार गाद्या उसवून चार कोपऱ्यांत चार ढीग घालायला लागले. खोळींवर सदफनं नंबर लावले होते. पण कापूस बाहेर काढला की नंबर खोळीबरोबर जातो. ढिगाला कपाळ नसतं. कुठल्या कोपऱ्यात कुणाचा कापूस, ते नूरभाईंच्या डोक्यात. पूर्वी गादी दारात आली की ते नावानं ओळखायचे, ही जोशीकाकूंची, ही पोस्टमनची. आता मागणी मोबाइलवर यायची आणि गादी नंबरावर. खोळी उसवायचं कामही याह्याकडं गेलं, मशीनही तोच चालवू लागला. नूरभाई मागच्या बाजूला बसून नुसते दोरे टाचत राहिले.

गेल्या दिवाळीआधी वच्छलाबाई बहिणीकडं पैठणला गेल्या होत्या. बिभीषणच्या मनात आलं, आई यायच्या आत तिची गादी पिंजून ठेवू. म्हातारीचे गुडघे गेलेत, त्या बाकावर बसणं आता तिच्यानं होत नाही. मुलगा मायेनंच करत होता. क्रांती चौकातल्या लाल सिग्नलला उभ्या उभ्या त्यानं मोबाइलवर मागणी टाकली. सिग्नल हिरवा व्हायच्या आत काम झालं होतं. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या नंबरानं. अक्षदानं निळ्या फुलांची खोळ पसंत केली. याह्या येऊन गादी घेऊन गेला. लोकरीच्या झुबक्याचं मुलाला ठाऊक नव्हतं. आईची गादी त्यानं जन्मभर बघितली होती, उसवताना कधी बघितली नव्हती.

तो शुक्रवार होता. चार ढीग चार कोपऱ्यांत. नूरभाई जुम्म्याच्या नमाजला गेले आणि तेवढ्यात नव्या कापसाचे गठ्ठे घेऊन टेम्पो आला. गठ्ठे ठेवायला जागा नव्हती, म्हणून याह्यानं ढीग सरकवले. नूरभाई परत आले, बघून थबकले.

"ये हिलाए क्या रे?"

"इधर का इधरीच है अब्बा, जरा सरकाया बस."

नूरभाईंनी एकेका ढिगात हात घालून बघितला. एक ओळखला. उरलेल्या तीन ढिगांत मन घुटमळलं. पण सदफ आतून ओरडत होती, संध्याकाळच्या आत चारही गाद्या पोचवायच्या आहेत, लोकांना वेळ दिलीय. त्यांनी मनाशी ठरवलं, हा ह्याचा, तो त्याचा. समोर बाकावर कुणी असतं तर ओरडलं असतं, "ओ नूरभाई, तो माझा न्हवं!" पण बाक बाहेर उन्हात होता.

रविवारी सकाळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. मागच्या गल्लीतल्या विशाखाताईंनी टाकलेला. पांढऱ्या खोळीतून काहीतरी काळं डोकावत होतं, म्हणून त्यांनी कात्रीनं टाका काढला, तर कापसात लांब लांब काळे धागे. खाली लिहिलं होतं, 'गादीत माणसाचे केस!!! घरात लहान बाळ आहे. सावध राहा.'

ज्या ग्रुपवर पाणी कधी येणार ह्याचं उत्तर तीन दिवस मिळत नाही, तिथं चहा निवायच्या आत साठ उत्तरं आली. कुणाला सलूनमधला कचरा आठवला, कुणाला दवाखान्यातला. एकानं 'ह्या लोकांकडून दुसरी काय अपेक्षा' असं लिहून पुढं जे लिहिलं ते मी इथं लिहीत नाही. त्या गृहस्थांच्या अंगावरची रजई नूरभाईंनीच भरलेली आहे, आणि ती भरताना त्यांचे वडील बाकावर बसून पोटभर चहा प्यायले होते.

सदफनं रडत रडत फोटो बापापुढं धरला. नूरभाईंनी तो बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघितला.

"ये बाल नहीं. लोकर है."

"किसकी लोकर? अपने पास लोकर कहां से आई?"

"आक्का की गादी कब आई दुकान में?"

"कौन आक्का? बुकिंग में कोई आक्का नहीं है, अब्बा."

"वो लोकर अपने पांव से चलके आई क्या फिर? देख बराबर."

सदफनं मोबाइल वरखाली केला. 'बिभीषण सर, पुंडलिकनगर. सिंगल. निळी फुलं.' नूरभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि याह्याला म्हणाले, "रिक्षा निकाल."

विशाखाताईंकडं ते पोचले तेव्हा त्या अंगणात होत्या. बाई वाईट नाहीत. दारात आलेल्या माणसाला त्यांनी आधी पाणी विचारलं.

"तुमच्या मुलीनं पैसे परत केले, माझी काही तक्रार नाही आता," त्या म्हणाल्या. "मेसेज पण काढून टाकते हवं तर."

"मेसेज ऱ्हाऊ द्या ताई. गादी कुठंय?"

"घंटागाडीत दिली. आत्ताच गेली. नुसता कापूस होता, बाळाला काही झालं असतं म्हणजे?" आणि मग नूरभाईंचा चेहरा बघून समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "तुमची सर्व्हिस तशी चांगली आहे हो. घरी येऊन नेता ते फार सोयीचं आहे."

घंटागाडीचा माग काढत बाप-लेक जिथं सगळ्या शहराचा कचरा जातो तिथपर्यंत गेले. दुपारी परत आले. काय झालं म्हणून मी विचारलं, तर नूरभाई एवढंच म्हणाले, "तिथं कुणी राखण बसत नाय, सर."

वच्छलाबाईंच्या निळ्या फुलांच्या खोळीत कुणाचा कापूस गेला, हे अजून कुणाला कळलेलं नाही. ज्याचा गेला त्याची तक्रार नाही. सोय अशी झाली, की आपल्या गादीत आपला कापूस आहे की नाही हे बघायला आता कुणाला वेळच लागत नाही.

मंगळवारी वच्छलाबाई पैठणहून आल्या. मुलानं हौसेनं गादी दाखवली. त्यांनी नवी खोळ बघितली. पुढं होऊन उशाकडं हात घालून चाचपलं. मग पदर खोचून, काठी घेऊन, पायांत आलेल्या कळा तोंडावर न दाखवता चालत दुकानाकडं निघाल्या. माझ्या दारावरून जाताना मी म्हटलं, "मावशी, कुठं? रिक्षा बोलावू का?" त्यांनी मान हलवली. मी चपला घालून मागोमाग गेलो. म्हातारं माणूस, रहदारीचा रस्ता.

दुकानात याह्या मशीनवर होता. त्यांना बघताच नूरभाईंनी हातानं खूण करून मशीन बंद करायला लावलं. बाई बसायला बाक शोधत होत्या. नूरभाई बाहेर गेले, कुणाला हाक न मारता एकट्यानं तो बाक ओढत आत आणला आणि पूर्वीच्या जागी ठेवला. उन्हानं तापलेला होता. खांद्यावरचा टॉवेल त्यावर अंथरला. वच्छलाबाई डाव्या टोकाला बसल्या, चंची काढून शेजारी ठेवली.

"नूऱ्या."

"जी, आक्का."

"माझी लोकर कुठाय?"

नूरभाई उभेच होते. मागून सदफ हलक्या आवाजात म्हणाली, "बोलो ना अब्बा, मशीन में गई बोलो." आणि ते खोटंही नव्हतं. लोकर मशीनमध्येच गेली होती.

"मशीनमदी गेली, आक्का."

"गेली तर गेली," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोरानं मला न इचारता गादी दिली, तू तरी काय करशील. लोकरीचं जाऊ दे. कापूस तर माझाच हाय नव्हं?"

नूरभाई मशीनचा पट्टा चाचपायला लागले.

"तू नुसतं म्हण. आक्का, तुमचाच हाय, आसं तुझ्या तोंडानं म्हण. मी उठून जाते."

आता ह्याच्याइतकं सोपं काय होतं? दोन शब्द. म्हातारी मागत होती, लेक मागून खुणावत होती, आणि पिंजलेला कापूस तर सगळा सारखाच दिसतो. जन्मभर ज्या माणसाच्या हातांवर सगळ्या पुंडलिकनगरानं संशय घेतला, त्याच्याकडं आज पहिल्यांदा एक बाई विश्वास घेऊन आली होती, आणि तीही हीच बाई.

"नाय, आक्का," नूरभाई म्हणाले. "तुमचा नाय."

"मंग माझा कुठाय?"

"बदलला. दुसऱ्या घरी गेला. त्यांनी कचऱ्यात टाकला. मी शोधून आलो. नाय घावला."

वच्छलाबाईंनी चंची उचलली. उघडली नाही, नुसती हातात धरून बसल्या. लोकर धरायच्या तशी.

"येवढी वर्सं मी हितं बसले," त्या म्हणाल्या, "तुला वाटलं आसंल म्हातारी मला चोर समजती. आरं येड्या, मी हितं बसत हुते म्हणून तुला कुणी चोर म्हणलं नाय. सगळ्या गावाला सांगत हुते, म्या डोळ्यानं बघितलंय, नूऱ्या बोटभर कापूस हलवीत नाय. आता कुणाच्या डोळ्यानं सांगू?"

"चूक झाली, आक्का."

"चूक झाली ती झाली. पर आज खरं बोलून मला काय दिलंस तू? खोटं बोलला आसतास तर निदान झोपले आसते."

त्या उठल्या. नूरभाई धडपडत पुढं झाले. "थांबा, याह्या घरी सोडंल. रिक्षा हाय. घरापातुर सोडंल."

"नगं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुझं घरपोच लई झालं."

परतीच्या वाटेवरही मी मागोमाग होतो. आपल्या दाराशी आल्यावर म्हणाल्या, "बिभीषणाला काय सांगू नगस. हौसेनं केलंय त्यानं." मी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. आईची गादी पिंजून झाली, हा विषय त्याच्या मोबाइलवर केव्हाच पूर्ण झाला होता.

त्यानंतर नूरभाईंनी पिंजायचं काम घेतलं नाही. सदफनं समजावलं, कोपऱ्यांना नंबर देऊ, कॅमेरा लावू, गिऱ्हाइकाला घरी बसून बघता येईल. नूरभाई म्हणाले, "कॅमेरे कू चाय कौन पिलाएगा?" मशीन पैठणच्या एका माणसानं नेलं. आता दुकानात फोमच्या गाद्या आहेत. कंपनीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात, प्लास्टिकमध्येच जातात. उसवायचं नाही, पिंजायचं नाही, कुणाचा कुणाला जायचा प्रश्न नाही. त्या कुणाच्याच नसतात. धंदा जोरात आहे. विशाखाताईंनी दोन घेतल्या. ग्रुपवर 'ह्या लोकांकडून' लिहिणाऱ्या गृहस्थांनीही घेतली, हप्त्यावर.

बाक तेवढा आत राहिला. त्यावर नूरभाई बसलेले असतात, उजव्या टोकाला. भुवया आता काळ्या झाल्यात, म्हणजे होत्या तशा दिसतात. कापूस उडून गेल्यावर माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो, पण त्यांना ते शोभत नाही. परवा मी गेलो तेव्हा म्हटलं, "काय नूरभाई, कशाची राखण?"

"फोमची," ते हसले. "कुणी बदलला म्हणजे?"

डाव्या टोकाला बसायला गेलो, तर हात धरून त्यांनी मला मधे ओढलं. "इकडं बसा, सर. तिकडं नको."

तेवढ्यात याह्या माल पोचवून आला आणि टेबलावर किल्ली टाकत म्हणाला, "वो बिभीषण सर के यहां बिल देने गया था. पिछले महिने माँ के वास्ते लिए सो फोम प्लास्टिक में वैसाच खडा है दीवार कू. बुढ्ढी नीचे घोंगडी पे सोई थी."

मला ते माहीत होतं. समोरच राहतो मी. दार उघडं असलं की दिसतं. नूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या किल्लीकडं बघत राहिलो.

आतून सदफ धावत आली. मोबाइल उंच धरलेला.

"अब्बा, बिभीषण सर ने पाच स्टार दिए! सुनो, 'घरबसल्या मागणी, वेळेत पोच, कसलाही त्रास नाही. आई खूप खूश आहे.'"

"फिरसे पढ," नूरभाई म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं.

"कौन खुश है बोला?"

"आई, अब्बा."

"हौ," नूरभाई म्हणाले, आणि बाकाच्या डाव्या टोकावर कापूस पडलेला असावा, तसं ते हातानं झटकायला लागले.